कत्तल पाहायला वॉशिंग्टनला

अमेरिकेत भाच्याकडे उतरले होते. एडिसनच्या त्याच्या घरून निघताना भाचेसून म्हणाली, "मावशी, सगळे वॉशिंग्टनला व्हाइट हाउस बघायला जातात आणि तुम्ही कत्तल बघायला चाललात!"

तिचं खरं होतं. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक शोकांतिका रंगमंचावर आली. पॅरिसमध्ये एका शाही लग्नानंतर काही दिवसांतच एका पंथाच्या ख्रिश्चनांनी दुसऱ्या पंथाच्या लोकांना घरात शिरून मारलं, त्यावरची; नावातच ‘कत्तल’ असलेली. सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी तिचं भाषांतर केलं. आमच्या हौशी मंडळानं तालमीही सुरू केल्या. पण मूळ मजकूर फारच तुटक. माणूस दारात येतो, दोन वाक्यं बोलतो आणि मरतो. त्यामुळे एका प्राध्यापकाच्या खुनाच्या प्रवेशात मी खलनायकाच्या तोंडी बारा ओळी पदरच्या घातल्या. तालमीत त्यांना हमखास टाळी पडे. आता पुस्तक छापायला जायचं होतं, मुखपृष्ठावर ‘भाषांतर’ असं लिहून. त्या बारा ओळी मला कुसळासारख्या टोचत होत्या. वॉशिंग्टनच्या एका ग्रंथालयात त्या काळची छापील प्रत आहे असं कळलं, म्हणून हा घाट.

सोबत भाच्याची मुलगी रिया. जन्म तिथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आगगाडीत मी दशम्या (दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकऱ्या) आणि लसणाची चटणी काढली, तशी ती कुजबुजली, "आजी, एव्हरीवन कॅन स्मेल इट." पण दोन दशम्या तिनंच संपवल्या.

ग्रंथालयाच्या दारात उंचापुरा पहारेकरी होता. कशासाठी आलात, असं त्यानं अदबीनं विचारलं. मी माझ्या उत्तम इंग्रजीत सांगितलं, "कत्तलीसाठी. दहाची वेळ ठरली आहे."

त्याचा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला. रिया किंचाळली, "इट्स अ प्ले! शी मीन्स अ प्ले! आजी, यू कान्ट से दॅट हिअर!" मग माझी पर्स उघडण्यात आली. चटणीचा डबा त्यानं दोन बोटांनी उचलला, हुंगला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खुलासा झाल्यावर मात्र तो स्वतः मला वाचनकक्षापर्यंत सोडायला आला. तिथल्या ग्रंथपालबाईंना म्हणाला, "या कत्तलवाल्या बाई."

ग्रंथपालबाई पांढऱ्या केसांच्या, शांत. पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली, हात धुऊन यायला सांगितलं. मी धुतले. त्यांनी नाक किंचित हलवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा धुता का?" लसूण चारशे वर्षांच्या कागदाला वर्ज्य होता.

पुस्तक आलं, मऊ उशीवर ठेवून. मला मात्र कडक लाकडी खुर्ची. केवढंसं ते! तळहाताएवढं, छापल्याचं सालसुद्धा नाही. प्राध्यापकाचा प्रवेश काढला. माझ्या घरच्या आवृत्तीत होतं तेवढंच. एक ओळ जास्त नाही.

"नटांनी आठवून आठवून सांगितलेला मजकूर असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी एक सुटं हस्तलिखित पान दाखवलं. दुसऱ्याच एका प्रवेशाचं, पण त्यातलं भाषण छापील भाषणापेक्षा कितीतरी लांब. मी खुशीत आले. म्हणजे मजकूर हरवलाय! माझ्या बारा ओळी अगदीच निराधार नाहीत!

"आणखी एक दाखवते," म्हणून बाईंनी त्या काळी छापलेला कत्तलीचा वृत्तांत समोर ठेवला. नाटकवाल्यांनी असल्याच वृत्तांतांवरून नाटक रचलेलं. जुनी अक्षरं लावत मी प्राध्यापकापर्यंत पोहोचले. तीन-चारच वाक्यं. त्याला मारलं, खिडकीतून खाली टाकलं आणि विद्यार्थ्यांनी त्याचं प्रेत रस्त्यातून फरफटवत नेलं.

विद्यार्थ्यांनी.

मी ती जागा तीनदा वाचली. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. माझ्या बारा ओळींत खलनायक त्याच्या पोपटपंचीची, फाटक्या झग्याची टिंगल करत होता आणि तालमीला आलेली कॉलेजची पोरं खो-खो हसत होती. मला ते हसणं केवढं आवडलं होतं!

"आजी, आर यू ओके?" रियानं विचारलं आणि मग, मी ऐकलेलं तिचं पहिलं सबंध मराठी वाक्य आलं: "आपण जाऊ या का बाहेर?"

सांगलीला परतल्यावर मी बारा ओळींवर काट मारली. खलनायकाचं काम करणारे बाळासाहेब, निवृत्त पोस्टमास्तर, हवालदिल झाले. "मॅडम, अहो, माझी टाळीच तिथं आहे! अमेरिकेनं माझ्यावर का सूड उगवावा?"

"लेखकानं लिहिलंय तेवढंच बोला. मारा आणि निघा."

पहिल्या प्रयोगाला त्यांनी तसंच केलं. टाळी पडली नाही. कुणी हसलंही नाही. नाट्यगृहात खुर्ची करकरली तेवढीच. मध्यंतरात बाळासाहेब विंगेत आले. मिशी अर्धी सुटलेली, चेहरा पडलेला.

"मॅडम, पहिल्या रांगेतल्या एक बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की वाटलं, वाकून माफी मागावी."

मी त्यांची मिशी नीट चिकटवली.

"मागू नका," मी म्हटलं. "उद्याही असंच मारा."