मूकपटातली नटी आणि आमची तिसरी घंटा

विमानात दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांना हिंदी सबटायटल्स लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ऑफिस दुबईत देऱ्याला, घर शारजात रोल्लाला. या कामात भाषेपेक्षा कात्री जास्त चालते. माणूस बोलतो भरभर आणि वाचतो सावकाश, म्हणून त्याचं अर्धं बोलणं छाटावं लागतं. सिनेमा हातावेगळा झाला की मी तो विसरते. विसरले नाही ती एक जर्मन नटी.

तिच्यावरचा माहितीपट माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, मूकपटातली बाई आहे, म्हणजे काम थोडं. पण माहितीपटाचा निवेदक श्वास न घेता बोलत होता. वैतागून मी त्याचा आवाज बंद केला आणि नुसतीच तिची दृश्यं पाहत बसले. एका दृश्यात ती दारात उभी राहून नवऱ्याचा ओव्हरकोट घडी करते. तो आता परत येणार नाही हे घडीच्या दुसऱ्या दुमडीला कळतं. डोळ्यांत पाणी नाही, छाती पिटणं नाही. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

ती शिंप्याची मुलगी होती. बर्लिनच्या स्टुडिओत कपडे शिवायला लागली आणि एकदा कोणी नटी आजारी पडली म्हणून, अंगात कपडे बसतात एवढ्याच गुणावर, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुढचं सगळं तिनं डोकं वापरून मिळवलं. तेव्हाच्या फिल्मवर निळा रंग पांढरा पडायचा, आणि तिचे डोळे फिकट निळे. पडद्यावर आंधळी दिसेन हे ओळखून ती कॅमेऱ्याभोवती काळी मखमल धरायला लावायची, म्हणजे बुबुळं गडद दिसत. दिव्यांच्या झोतानं डोळे सुजायचे, तेव्हा दोन शॉट्सच्या मध्ये कच्च्या बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडून राहायची. नाव झाल्यावर तिनं स्वतःची कंपनी काढली. एडिटिंगला शेजारी बसायची आणि मध्येमध्ये येणाऱ्या लेखी पाट्या काढायला लावायची. जे चेहऱ्यानं सांगून झालंय ते पुन्हा लिहायचं कशाला, असं तिचं म्हणणं. माझ्या धंद्यातली बाई, असं मला तेव्हाच वाटलं.

मग बोलपट आले. तिच्या आवाजाची चाचणी झाली. तिच्या बोलण्याला गावाकडचा हेल होता आणि तो ऐकून खोलीतले लोक हसले. तिनं दिलेला उतारा शेवटपर्यंत म्हटला, आभार मानले, कोट घातला आणि निघाली. नंतर हातमोज्यांचं दुकान चालवलं. त्या देशातली पुढची काळी वर्षं तिनं कशी काढली याबद्दल माहितीपट गप्प आहे, म्हणून मीही काही सांगत नाही.

घरी मी हे सगळं सांगितलं तर मुलगी म्हणाली, "सायलेंट फिल्म? लाइक, म्यूट?" आणि हेडफोन लावून आत गेली.

मला मात्र माझी मैत्रीण आठवली. ती वसईची, दुबईच्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. आवाज असा की आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात माईकवाले तिचा माईक खाली करायचे. नायिका तीच, आणि तिसऱ्या घंटेनंतर पडद्यापुढे येऊन "रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून" ही घोषणा करणारीही तीच. तिची घोषणा झाल्याशिवाय मागच्या रांगांतली पोरं खाली बसत नसत. मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलेला धोका खरा ठरला आणि आवाजाची नुसती खरखर उरली. हॉटेलनं तिला बॅक ऑफिसात घेतलं, नोकरीचं निभावलं. प्रश्न स्टेजचा होता.

आमचे दिग्दर्शक पेशानं ऑडिटर. माणूस वाईट नाही, पण जमत नाही तो रकाना बंद करायची सवय. ते तिला म्हणाले, "ताई, यंदा तुम्ही चहापाण्याची कमिटी बघा. पुढं बघू, इन्शाल्ला."

ती खरखरली, "चहा मला येत नाही."

"अहो, नुसतं लक्ष ठेवायचं."

त्या दिवशी मेट्रो स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर गेलो. तिथं थांबून ती म्हणाली, "बाय गो, एकदा कमिटीत बसले ना, की मग लोक मला समोसे कुठायत तेच विचारणार. जन्मभर."

तिचं म्हणणं खरं होतं. मंडळात एकदा समोशांकडे गेलेली बाई परत स्टेजवर आलेली मी पाहिलेली नाही. म्हणून मी त्या जर्मन नटीच्या आयुष्यावर अर्ध्या तासाची एकांकिका लिहिली, बोलायचं पात्र एकही नाही. दिग्दर्शकांनी वाचली आणि म्हणाले, "वहिनी, पब्लिकला कळणार कसं? निवेदन घाला. भरपूर."

घातलं. त्याशिवाय ते प्रयोगाची तारीख द्यायला तयार नव्हते.

तालमी शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये, सोफा गॅलरीत ढकलून. पहिल्या दिवशी मी ऑफिसच्या लॅपटॉपवर तिला कोटाची घडी दाखवली. तिनं ती माझ्या नवऱ्याच्या शर्टावर करून पाहिली, मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि निवेदनातला एक परिच्छेद खोडला. बटाट्याचं दृश्य बसलं, आणखी एक खोडला. दिग्दर्शक कुरकुरले, "ताई, हे तरी राहू द्या, चांगलं वाक्य आहे."

"वाक्य चांगलं आहे," ती म्हणाली. "पण मी काय करतेय मग? उभी राहू?"

शेवटी निवेदनाची चार वाक्यं उरली, ती दिग्दर्शक वाचणार होते. घोषणाही आपणच करणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. नवं जॅकेटही घेतलं.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. तिसरी घंटा झाली. दिग्दर्शक जॅकेट सावरत विंगेतून निघणार, तेवढ्यात ती त्यांच्या शेजारून पुढं गेली आणि पडद्यापुढे माईकसमोर उभी राहिली. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. तिनं नेहमीसारखे हात जोडले, मान किंचित वर केली आणि घोषणा सुरू केली. ओठ स्वच्छ हलत होते. आवाज नव्हता. ती खरखरसुद्धा तिनं येऊ दिली नाही.

आमच्या लोकांना मंडळाचे माईक ठाऊक आहेत. दोन क्षणांत ओरडा सुरू झाला.

"माईक! माईक!"

"अहो साऊंडवाले, झोपलात काय?"

"यल्ला भाई, आवाज वाढव!"

साऊंडवाला केरळचा. बिचाऱ्यानं सगळी बटणं फिरवून पाहिली, मग उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडला, "माईक बराबर है! मॅडम बोलती नहीं है!"

सभागृह खदखदून हसलं. विंगेत मला हसू आलं नाही, कारण त्या जर्मन खोलीतलं हसणं मला माहीत होतं आणि तिलाही. ती थांबली नाही. घोषणा जिथं होती तिथून पुढं नेत राहिली, त्याच संथपणे, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देत. हसणं विरलं. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी तिच्या ओठांबरोबर म्हटलं, "...सादर करीत आहोत..." शेजारचे त्यात मिसळले. वर्षानुवर्षं ऐकलेली घोषणा सगळ्यांना पाठ होती. शेवटची ओळ सभागृहानं म्हटली आणि तिनं फक्त हातानं पडद्याकडे खूण केली.

त्यानंतर नाटक पडणं शक्यच नव्हतं. तिनं बटाटा कापला तेव्हा लोक हसले आणि चकत्या डोळ्यांवर ठेवून ती निश्चल पडून राहिली तेव्हा हळूहळू गप्प झाले. निवेदनाच्या चार वाक्यांपैकी तीन दिग्दर्शकांनी स्वतःहून गाळली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आवाजाच्या चाचणीचं दृश्य शेवटी होतं. तिनं उतारा पूर्ण केला, मान लववली, कोट घातला, बटणं लावली आणि गेली. वरचं बटण लावताना बोटं गळ्यापाशी जरा रेंगाळली. ते मी लिहिलेलं नव्हतं.

मी जन्मात त्या जर्मन बाईला भेटले नाही, भेटणारही नाही. पण बर्लिनच्या त्या खोलीत ती कशी उभी राहिली असेल ते मला त्या दिवशी शारजात दिसलं, आणि दोघींचाही मला अभिमान वाटला.

ती मेकअप पुसत असताना दिग्दर्शक आत आले. जॅकेट हातात होतं.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या नाटकात तुमच्यासाठी एक छोटासा रोल काढतो."

तिनं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"छोटा कशाला?"