बोलता येईल इतक्या वेगाने

भिलाईत भट्ट्या किती, असं कोणी विचारलं तर पोलादाच्या प्लांटमधला माणूस एक आकडा सांगेल आणि माझे मामेसासरे त्याच्या कोट्यवधी पट मोठा सांगतील, कारण ते स्वतःच्या मांड्यांतल्या भट्ट्याही हिशेबात धरतात. सगळी नोकरी प्लांटच्या भट्टीपुढे काढून रिटायर झालेला हा माणूस भिलाईतल्याच जुनवानी भागातल्या घरात एकटा राहतो, रोज सकाळी हाफ पँट चढवतो आणि सुपेल्याच्या दिशेने पळत सुटतो. पळतो म्हणजे काय, तर शेजारून एखादी म्हैस चालली असेल तर ती पुढे निघून जाते. पण त्यावरून हसायची सोय नाही. "जावईबापू, हे हळू पळणंच खरं," मामा सांगतात. "जोरात पळालं का साखर जळते, अन् साखरेचा स्टॉक थोडा. हळू पळालं का चरबी जळते, तिचा स्टॉक लय. अन् रोज पळालं तं मांसामधी नव्या भट्ट्या बसतेत." या भट्ट्यांचं पुस्तकातलं नाव मायटोकॉन्ड्रिया. मामा ते नाव आवडत्या भाचीचं घ्यावं तसं घेतात.

ही विद्या त्यांना कुठेही आवरत नाही. सुपेल्यात एका लग्नाला गेलो होतो, तिथे मामा नवरीच्या वडलांच्या पोटाकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. पाहुण्यांच्या सरबराईत काही चुकलं-माकलं का, म्हणून तो भला माणूस धावत आला. मामा कळवळून म्हणाले, "तुमच्यापाशी स्टॉक तं वर्षभराचा हाय हो, पण भट्ट्या कुठी हायेत?" त्यानंतर आम्हाला त्या मांडवात आइस्क्रीमचं कोणी विचारलं नाही. आणखी एकदा मी जिना चढून दमलो आणि पायांत लॅक्टिक ॲसिडचा कचरा साचला असेल, असं ऐकीव ज्ञान पाजळलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "कचरा? आपल्या भट्टीतून गॅस निघते, तो फेकून देतो का आपण? पाइपानं नेऊन दुसरीकडे जाळतो. तसं पायातलं हे हृदय जाळते. कचरा म्हणून राहिले." चहा निवेपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही. इतकं त्यांच्या मनाला लागलं होतं.

कॉलनीत मात्र वेगळीच कुजबुज होती. मामा पळताना एकटेच बोलतात, मामी गेल्यापासून जरा घसरले आहेत, असं लोक म्हणायचे. मी विचारलं तर त्याचंही शास्त्र तयार होतं. "बोलता येते तवरच वेग बरोबर. बोलणं तुटलं म्हणजे साखर जळून राहिली." उत्तर बिनतोड होतं. तरी आमच्या हिने मला पिटाळलंच, की ते बोलतात तरी काय ते ऐकून या. सायकल इतकी हळू चालवता येईना, म्हणून ती हातात धरून मी एका शनिवारी त्यांच्या मागे मागे चालत गेलो.

"हां, हॅलो. जेवला का रे?" मामा समोरच्या रस्त्याला म्हणाले. हातात फोन नव्हता, कानातही काही नव्हतं. मग काही पावलं गप्प. "बरं. मले एक सांग, पळणं बंद केलं तं भट्ट्या किती दिवसांत मोडतेत?" पुन्हा गप्प, या वेळी बराच वेळ. मान डोलत होती. "अस्सं?"

त्यांचा मुलगा बंगळुरूला डॉक्टरीच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतो. दर रविवारी फोन करतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या वेळेला मामांकडे जाऊन बसलो. फोन स्पीकरवर होता. "हां पापा, ठीक हूं. आप ठीक?" "ठीक. जेवला का रे?" "हां, खा लिया." मग बसस्टॉपवर उभ्या दोन अनोळखी माणसांसारखे दोघेही गप्प. आता फोन ठेवला जाणार, तेवढ्यात मामांनी कालचा प्रश्न टाकला. मुलाचा आवाजच बदलला. तो अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत सांगत सुटला आणि मामा डोळे मिटून, पहिल्यांदाच कानावर पडत असावं तसे "अस्सं? अस्सं?" करत राहिले. हेच उत्तर त्यांनी मला त्याआधीच्या बुधवारी पोहे खाता खाता बशीत शेंगदाणे मांडून समजावलं होतं.

मी सोमवारी बूट विकत आणले आणि मंगळवारी सकाळी, डॉक्टरांनी पळायला सांगितलंय, अशी थाप मारून मामांबरोबर निघालो. पहिल्याच वळणावर माझी धाप अशी लागली की वाक्य तुटून दोन शब्द तोंडात आणि बाकीचे पोटात. मामांनी तिरप्या नजरेने पाहिलं आणि वेग कमी केला. मग आणखी कमी केला. शेवटी आम्ही चक्क चालायला लागलो.

"मामा, इतकं हळू गेलं... तर तुमच्या भट्ट्या मोडतील."

"मोडू द्या," मामा म्हणाले. "तुमी बोला."

लग्नाकार्यात हातातला माइक काढून घ्यावा लागतो असा मी माणूस. पण त्या वेळी मी नुसती वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. फर्स्ट शिफ्टवाले मोटारसायकलींवरून निघून गेले, रस्ता पुन्हा रिकामा झाला. मामा माझ्याकडे न पाहता वाट बघत होते.

"मामा," मी म्हणालो, "पळणं बंद केलं तर त्या भट्ट्या किती दिवसांत मोडतात हो?"

मामांनी घसा साफ केला, चाल आणखी थोडी हळू केली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी मधूनमधून "अस्सं?" म्हणत होतो.