अनुमोदकाची ओळ

आमच्या ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं इतिवृत्त चार वर्षं मी लिहीत होतो. हे काम खरं तर ग्रामसेवकाचं. पण आमच्या ग्रामसेवकांकडे तीन गावं आहेत, आठवड्यातले दोन दिवस ते आमच्या वाट्याला येतात, आणि त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नाही. मी शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको पंचायतीवर निवडून आली. पहिल्या सभेला तिला सोडायला गेलो, तर ग्रामसेवक म्हणाले, "गुरुजी, आलाच आहात तर बसा. तेवढं उतरवून द्या." तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची माझी झाली. सदस्य ती, लिहिणारा मी. गावात मला 'मेंबरबाईंचे मालक' म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर.

सभा म्हणजे फार काही नसतं. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आवाज करणारा पंखा, चहा. पथदिवे, गटार, पाणी सोडायची वेळ, शाळेच्या भिंतीला लागून कुणी तरी घातलेला उकिरडा. हा उकिरडा चार वर्षांत सात वेळा विषयपत्रिकेवर आला आणि अजून तिथंच आहे. विषय वाचून झाला की सरपंच विचारत, "हाय का कुणाचं काही?" कुणाचं काही नसे. मग ठराव.

ठरावाखाली दोन ओळी असतात, सूचक आणि अनुमोदक. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा. दुसरं नाव नसेल तर ठराव उभा राहत नाही. मांडणारे बहुतेक वेळा सरपंचच. दुजोऱ्याची वेळ आली की बाकीचे मेंबर मोबाइलमध्ये बघू लागत, कारण नाव लागलं की पुढं त्या कामाचं विचारायला लोक त्या माणसाच्या दारात येतात. बायको तेव्हा हातातलं पेन थोडंसं वर करी. बोलत नसे. मीही विचारत नसे. मान खाली घालून तिचं नाव लिहीत असे. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण तिचं पूर्ण नाव मी त्या वहीइतकं दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नाही.

दिवाळीनंतर ती गेली. शेवटचे अकरा दिवस शहरातल्या दवाखान्यात होती. मुलगा तिथंच, पुंडलिकनगरला राहतो. दिवस वगैरे झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, आता चला तिकडं." मी म्हटलं, महिनाभर बघू. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज मीच भरला, पंचायतीच्या त्याच खुर्चीवर बसून. एकही चूक केली नाही.

मार्गशीर्षातल्या सभेला ग्रामसेवक म्हणाले, "या महिन्यात राहू द्या गुरुजी, मी बघतो." घरी बसून तरी काय करणार होतो? गेलो. तिची खुर्ची तशीच होती. त्यावर कुणी तरी हेल्मेट ठेवलं होतं.

त्या दिवशीचा चौथा विषय एका म्हातारीच्या घराचा होता. गावठाणाच्या कडेला मेंढरंवाल्यांची वस्ती आहे. तिथं या आजीचं पत्र्याचं घर तीस वर्षांपासून उभं आहे, पण पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत ते नव्हतं. कारण साधं होतं. मेंढरं घेऊन हे लोक दिवाळी झाली की बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि घरं मोजायला माणसं येतात ती नेमकी उन्हाळ्यात. दर वेळी आजीच्या दाराला कुलूप. बंद घर म्हणून ते सोडून द्यायचे. वहीत घर नाही म्हणून घरकुलाच्या यादीत नाव नाही. नवरा गेला, गुडघे गेले, तशी आजी मेंढरांमागं जायची थांबली आणि नोंदीच्या मागं लागली. माझ्या बायकोनं ते मनावर घेतलं होतं. शेजाऱ्यांचे जबाब, जुनं रेशन कार्ड, जागेचा नकाशा, सगळं तिनं एका हिरव्या फाइलीत लावून ठेवलं होतं. फक्त सभेपुढं आणायचं राहिलं होतं.

सरपंचांनी विषय वाचला. कुणी काही बोललं नाही. मी ठराव लिहिला, 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, सूचक लिहिलं, अनुमोदक लिहिलं. ग्रामसेवकांनी सही केली, सरपंचांनी केली. नक्कल गंगापूरला तालुक्याच्या कार्यालयात गेली.

आठ दिवसांनी एक मेंबर वही बघायला आले. सभेला ते नव्हते. त्यांचं शेत आजीच्या घराला लागून आहे आणि घराच्या मागून त्यांना बैलगाडीची वाट हवी आहे, हे गावाला ठाऊक आहे. पण एक मान्य करायला हवं. पंचायतीची वही शब्दन् शब्द वाचणारा तो एकटाच माणूस. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, "गुर्जी, बाई वरून सभेला येतात व्हय?"

मला कळलं नाही. त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. अनुमोदकाच्या ओळीत तिचं नाव होतं. माझ्या अक्षरात, नेहमीसारखं, शेवटच्या अक्षराला थोडी लांब वेलांटी.

त्यांनी बोट काढून घेतलं. मग तेच म्हणाले, "तसं म्हणायचं नव्हतं मला. पण ठराव खोटा झाला गुर्जी. मी तालुक्याला कळवणार." आणि त्यांनी कळवलं. कागद परत आला. घरकुलाची यादी महिनाअखेर जाणार होती.

सरपंचांनी मला घरी बोलावलं. माणूस वाईट नाही, त्यांना काम उरकायची घाई असते. म्हणाले, "तारीख मागची टाकू. दिवाळीच्या महिन्याची सभा झाली नाय, ती झाली म्हणून लिहा. तवा बाई होत्या ना. अन् हा विषय लावून धरला कुणी? त्यांनीच ना? मंग त्यात खोटं काय?"

मी चहा संपवला. त्यांचं म्हणणं मला पटलंही असतं. पण ते जी तारीख सांगत होते, त्या तारखेला ती कुठं होती हे मला माहीत होतं. हाताला सुई होती, आणि पाणी हवं म्हणून तिनं तीनदा माझ्याकडं बघितलं होतं, आणि पाणी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी मला सांगून ठेवलेलं होतं. त्या दिवशी ती सभेत बसली होती असं मी लिहू शकत नव्हतो.

"नाही जमायचं सरपंच," मी म्हटलं. "परत सभा घ्या."

"परत? अहो एक सभा भरवताना जीव जातो माझा!"

खरं होतं ते. सातांतले चार मेंबर हजर असल्याशिवाय सभा होत नाही. त्यात आता एक जागा रिकामी. विशेष सभा लावली, आणि नोटिशीवर सह्या घ्यायला शिपायाबरोबर मीही निघालो. चूक माझी होती. एक मेंबर उसाच्या टोळीपाशी, म्हणाले सही घ्या पण येण्याचं धरू नका. एक पोरीकडं गेलेले. शेताला वाट हवी असलेल्या मेंबरनं मात्र बांधावर उभं राहून लगेच सही केली. "येणार तर! माझं म्हणणं मांडायला येणार." एका घरी मेंबर म्हणजे घरातली सून, पण चार वर्षं सभेला येत होता तिचा नवरा. तो कांद्याच्या गाडीवर पोती चढवत होता. "त्या दिवशी वैजापूरला मार्केटात हाय मी. जमणार नाय."

"तुम्ही नाही आलात तरी चालेल," मी म्हटलं. "मेंबर त्या आहेत."

तो हसला. "तिला काय कळतंय गुर्जी?" आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

परतताना वस्तीवरून आलो. आजी दाराशी लोकर पिंजत बसली होती. तिला कुणी तरी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, बोलेल. तिनं आधी पाणी दिलं.

"गुर्जी, बाईंचं नाव लागलं म्हणून बिघडलं म्हणतात."

"बाईंमुळं नाही आजी. मी चुकीचं लिहिलं."

"चुकीचं कसं? त्याच म्हणल्या व्हत्या मला, आजी, तुझं घर वहीत घालते." ती पिंजत राहिली. "मेल्यावर बी माझ्याच कामाला आल्या. आमचे जित्ते लोक तर येत नाय."

मी तांब्या खाली ठेवला. तिनं विचारलं, "आता व्हईल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे मी महिनाभरात पहिल्यांदा कुणाला तरी खरं उत्तर दिलं असेल.

सभेच्या आधी ग्रामसेवकांनी चुकीचा खुलासा लिहायला घेतला. मी म्हटलं, माझ्या हातून झालं असं लिहा. त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कागदावर कुठंच नाही गुरुजी. चार वर्षं नव्हता. तुमचं नाव घातलं तर मला विचारतील, बाहेरच्या माणसाच्या हातात वही कशी." आणि त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडून नजरचुकीने'. खाली स्वतःची सही केली. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

सभेची वेळ अकराची. साडेअकराला सरपंच, वाट हवी असलेले मेंबर आणि पोरीकडून परत आलेले, एवढे तिघं. चौथं कुणी येईना. आजी बाहेर ओट्यावर उन्हात बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. ग्रामसेवक घड्याळ बघत होते. बाराला गणपूर्तीअभावी तहकूब लिहायचं, म्हणजे महिना गेला, यादी गेली. मी शाईचं पेन उघडून ठेवलं होतं.

बाराला पाच कमी असताना दारात चपला वाजल्या. कांदेवाल्याची बायको. डोक्यावर पदर, हात ओले. चालत आली होती. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "कुठं बसू?" चार वर्षं ती या खोलीची मेंबर होती. शिपायानं एका खुर्चीवरचं हेल्मेट उचललं. ती कुणाची खुर्ची हे तिला माहीत नव्हतं. ती बसली.

विषय वाचला. सरपंचांनी मांडला. मग मला तो प्रश्न विचारावा लागला, जो मी चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

"अनुमोदक कोण?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. पोरीकडून आलेले मेंबर मोबाइल बघू लागले. वाट हवी असलेले समोर बघत होते, त्यांचं बोलायचं ठरलेलं होतं. पंखा फिरत होता. मी ओळीच्या सुरुवातीला निब टेकवलं आणि शाईचा एक ठिपका पडला.

"त्याला काय करावं लागतं?" कांदेवाल्याच्या बायकोनं विचारलं.

"नुसतं नाव सांगायचं असतं," ग्रामसेवक म्हणाले.

"बस? अन् त्यासाठी आमचे मालक चार वर्षं कामधंदा सोडून येऊ राहिले व्हय?" सरपंच खोकल्यासारखे हसले. ती हसली नाही. "लिवा मंग माझं."

"विचार करा बाई," वाट हवी असलेले म्हणाले. "उद्या ती म्हातारी रोज तुमच्या दारात येईल."

"येऊ द्या. बसायला पोतं देईन."

मी तिचं नाव लिहिलं. तिलाच नीट विचारून लिहिलं, कारण आतापर्यंत हजेरीत तिच्या नावापुढं सही दुसऱ्याचीच असे. वाट हवी असलेल्या मेंबरनी विरोध नोंदवायला सांगितला, तोही शब्दशः घेतला. तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर. पोरीकडून आलेल्यांनी होकाराची मान हलवली तेव्हा कुठं फोन खिशात ठेवला.

मग मागचं पान राहिलं. वहीत खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. ग्रामसेवक सही करायला थांबले होते. पट्टी त्यांनीच माझ्याकडं सरकवली. मी ती पट्टी तिच्या नावावर ठेवली. जरा वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

सभा उठली, तशी आजी काठी टेकत आत आली. घर लागलं वहीत, असं सरपंचांनी सांगितलं. ती माझ्याजवळ आली.

"बाईंचं नाव कुठं हाय, दाखवा."

मी मागचं पान काढून बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण रेघ दिसत होती.

"कापलं व्हय?"

"कापावं लागलं आजी."

"वाचता येतंय का?"

"येतं."

"मंग राहू द्या," ती म्हणाली, आणि नव्या पानाकडं वळून विचारलं, "अन् माझं कुठाय?"