हुकुमदार

प्लेगाच्या आधल्या वर्षी माझं पुस्तक छापून आलं. पहिलं आणि शेवटचं. त्याची एक प्रत अजून माझ्या ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. ती हाताला लागली की मला शिसारी येते. त्यातली छापखान्याची किती आणि माझी स्वतःची किती, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि परळच्या एका चाळीत खोली घेऊन राहिलो. लिहिणं-वाचणं पलटणीच्या शाळेत शिकलो होतो. आमच्या वेळचे कितीतरी शिपाई लालबाग-परळच्या गिरण्यांच्या फाटकांवर पहारेकरी झाले होते, काही माझगावच्या गोदीवर होते. त्यांच्या तोंडच्या लढाया त्यांच्याच शब्दांत उतरवाव्यात असं मी मनावर घेतलं. लढाईवरची जी पुस्तकं मिळत, ती ज्यांनी जन्मात बंदूक खांद्याला लावली नाही अशांनी लिहिलेली. त्यांतल्या शिपायाला कधी जुलाब होत नाहीत, बूट चावत नाहीत, आणि मरताना तो आईबहिणीवरून शिव्या देत नाही, सुभाषित म्हणतो. असल्या साखरेत घोळलेल्या मरणांचा मला उबग आला होता.

गिरगावातल्या एका छापखान्याच्या मालकांनी पुस्तक छापायचं कबूल केलं. गृहस्थ जाडजूड, तोंडात सदा पान. पहिल्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "हवालदार, तुम्ही स्वतः किती कापले?" मी म्हटलं, मोजले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. पुढे चार माणसांत माझी ओळख करून देताना ते आपल्याच मनाचा आकडा सांगायचे आणि दर वेळी तो वाढलेला असायचा. आणि मी शेजारी हसत उभा राहायचो. तेव्हाच चालू पडलो असतो तर बरं झालं असतं.

पुस्तकात हकिकती पुष्कळ होत्या, पण ज्या एकीसाठी ते छापायला हवं होतं ती लालबागच्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याची. रत्नागिरीकडचा माणूस. तीन महिने त्याने मला इकडतिकडचं सांगून झुलवलं. मग एका रविवारी आपण होऊन माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "हवालदार, आता खरं सांगतो. लिवा."

अफगाणांच्या मुलखात त्यांच्या तुकडीचा तळ होता. पहाटेचा पहारा याचा. अंगात ताप, घशाला कोरड. त्याच्याच गावचा, त्याच्याबरोबर भरती झालेला सोबती म्हणाला, थांब, पाणी आणतो, आणि पाण्याची छागल घेऊन ओढ्याकडे गेला. मागे फिरला तेव्हा उजाडलं होतं, पण धुळीचा लोट उठला होता आणि समोर नुसतं एक माणूस हलताना दिसत होतं. अशा वेळी पहारेकऱ्याने 'हुकुमदार' म्हणून तीनदा ओरडायचं असतं. गोऱ्या साहेबाचं 'हू कम्स देअर', म्हणजे कोण येतंय तिकडे, ते आम्हा शिपायांच्या तोंडात 'हुकुमदार' झालेलं. तीनदा हटकून जबाब आला नाही, तरच गोळी घालायची.

"मी एकदाच हुकुमदार केलं," म्हातारा म्हणाला. "भ्यालो होतो. एकदाच केलं आणि घातली गोळी. माझ्याच पाण्याला गेला होता तो."

चौकशीत मात्र त्याने तीनदा ओरडल्याचं सांगितलं. सोबती येत होता की जात होता, हे धुळीत कोणी पाहिलेलं नव्हतं. तीनदा हटकूनही जो बोलला नाही तो तळ सोडून पळत असला पाहिजे, असा निकाल झाला. तो निकाल गावी पोचला. त्याची बायको पुढे लालबागच्या गिरणीत कामाला आली, तर गावकऱ्यांनी ती बदनामी मुंबईतही तिच्यामागे आणली. चाळीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. पळपुट्याची, एवढंच म्हणत.

"तिच्यासमोर बोलायची माझी छाती होत नाही," म्हातारा म्हणाला. "तुम्ही छापा आणि तिला वाचून दाखवा. छापील म्हटलं की लोक मानतात."

मी लिहिलं, 'मी एकदाच हुकुमदार केलं आणि गोळी घातली.' साऱ्या पुस्तकात मला अभिमान वाटावा असं हे एकच वाक्य होतं.

काही महिन्यांनी छापखान्यातून प्रुफं आली. एक शास्त्रीबुवा ती आधी शुद्ध करीत. पहिल्या पानावर माझं नाव होतं आणि नावामागे 'सुभेदार'. मी कधीच सुभेदार नव्हतो. मालक म्हणाले, "राहू द्या, वजन येतं." मी राहू दिलं. ते एक पान मी दहा वेळा वाचलं असेन. आतली पानं बोटाला थुंकी लावून उलटली आणि शेवटी सही ठोकली. झालं ते असं झालं.

पुस्तक हाती आल्यावर मी एका रविवारी लालबागला गेलो. कोट चढवला होता, पदक लावलं होतं. चाळीच्या व्हरांड्यात ती बाई भिंतीला टेकून बसली. समोर म्हातारा बसला, मान खाली घालून. तिचे गावकरीही जमले. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, त्यांच्या तोंडावर ते वाक्य फेकायचं होतं ना! मी खणखणीत आवाजात वाचत गेलो आणि वाचून गेलो: 'हुकूमदारांनी एकवारच आज्ञा केली, आणि मी तत्क्षणी गोळी झाडली. धन्य ती आज्ञाधारकता!'

ते 'धन्य'सुद्धा मी सुरात वाचलं. मग आपण काय वाचलं ते लक्षात आलं. शास्त्रीबुवांना 'हुकुमदार' हा शब्द ठाऊक नव्हता. हुकूम देणारा कोणी अंमलदार असेल असं धरून त्यांनी वाक्य सुधारलं होतं. कालपर्यंत त्या मेलेल्या माणसावर पळाल्याचा नुसता ठपका होता. आता साहेबाच्या हुकमाने त्याला गोळी घातली, असं छापून आलं होतं.

म्हातारा ताडकन उठला. "असं नाय! हुकुमदार मीच केलं! सायब नव्हताच तिथं!"

"बसा, भावोजी," बाई म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका."

मी म्हटलं, "बाई, छापताना चूक झालीय. हा खरं बोलतोय."

"एवढी शिकलेली माणसं बसून छापतात, त्यांची चूक होईल होय?" असं म्हणून ती उठली आणि आत गेली. मागून कोणीतरी समाधानाने म्हणालं, "बघा, आम्ही काय सांगत होतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरगाव गाठलं. शास्त्रीबुवा उपरणं सावरत म्हणाले, "हुकूम आणि दार. अर्थ स्वच्छ आहे." मी त्यांना पहारा समजावला, हू कम्स देअर समजावलं. ते म्हणाले, "मग तो अपभ्रंश झाला. अपभ्रंश आम्ही छापत नाही." एका मेलेल्या माणसाचं नाव कायमचं काळं झालं होतं आणि हा गृहस्थ मला व्याकरण सांगत होता. शाईचा आणि पानाच्या पिंकेचा वास माझ्या डोक्यात गेला. मालकांनी शुद्धिपत्र जोडायचं वचन दिलं. जोडलंही. त्यात सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, माझं वाक्य नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "अहो, ते वाक्य तर लोकांना सगळ्यात आवडलंय."

मग मी एका प्रतीतली ती ओळ खोडली, वर स्वतःच्या हाताने खरी ओळ लिहिली आणि बाईकडे घेऊन गेलो. वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने पानावरून बोट फिरवलं, थोडा वेळ बघितलं.

"ही तुमची शाई," ती म्हणाली. "ती छापाची."

प्रत तिने मला परत दिली. ट्रंकेत आहे ती हीच.

प्लेग आला तशी ती गावी निघून गेली. म्हातारा फाटकावरच राहिला. एकदा मी तिथून जात असताना तो एका नव्या पहारेकऱ्याला आपली हकिकत सांगत होता. मी थांबलो.

"सायबाचा एकदाच हुकूम झाला," तो सांगत होता. "हुकूम म्हटल्यावर आपण काय करणार?"

नव्या पहारेकऱ्याने विचारलं, "खरंच?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "यांच्या पुस्तकात छापलंय. विचार सुभेदारांना."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलावली.