नानांनी खडकाखाली ठेवलेली बंदूक

जांबे गावातल्या आमच्या घरमालकांचा दिवस उंदराला पोहोचवण्याने सुरू व्हायचा. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर घेऊन नाना रस्ता ओलांडत, पलीकडच्या पडीक रानात पिंजऱ्याचं दार उघडत आणि तो गवतात दिसेनासा होईपर्यंत उभे राहत. मी परभणीचा, आयटीतला, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. माझ्या लॅपटॉपची वायर याच उंदरांनी कुरतडलेली. तोच उंदीर संध्याकाळी परत येतो, असं मी एकदा वैतागून सुनावलं. नाना म्हणाले, "येऊ द्या की. सकाळी परत सोडू. आपल्याला कुटं लांब जायचंय?"

नाना महानुभाव पंथाचे. कुणीही भेटलं की हात जोडून 'दंडवत प्रणाम'. घरात मांस-मच्छी नाही, आणि समोरच्याने डासावर हात उगारला तरी हे म्हणणार, "जीव हाय त्यो." पूर्वी सैन्यात होते एवढंच ऐकून होतो. असा माणूस तिथे भटारखान्यातच असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग मला डेंग्यू झाला. बायको कामावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि मला उभंही राहवेना. नाना वर आले, माझ्यासमोर पाठ करून बसले आणि पाठीवर या म्हणाले. साठी ओलांडलेला माणूस आणि मी हा असा धिप्पाड! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "लाजू नका. श्वास चाललाय न्हवं? मग वजन न्हाई लागत." तीन मजले न थांबता उतरून त्यांनी मला रिक्षात बसवलं. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आज मी हे लिहितोय ते त्या पाठीमुळे.

ती पाठ कशी तयार झाली ते पुढच्या वर्षी कळलं. साताऱ्याकडचे एक लंगडणारे गृहस्थ नानांना शोधत आले आणि अंगणातच त्यांच्या पायांवर कोसळले. नाना लष्करात वैद्यकीय पथकात होते. सीमेवरच्या लढाईत गोळीबार चालू असताना त्यांनी डोंगरावरून पाच जखमी जवान पाठीवर खाली आणले. त्यातले हे एक. जखमी माणूस धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून पहिल्याच खेपेला नानांनी आपली बंदूक एका खडकाखाली ठेवली ती कायमची. सहाव्या खेपेला त्यांनी आणला तो शत्रूचा जवान. पाहुणे सांगत होते आणि नाना चोरी पकडल्यासारखे खाली बघत होते. "त्यालाबी तहान लागली व्हती," एवढंच पुटपुटले. त्यांना पदक मिळालं, आणि बंदूक टाकून आल्याबद्दल साहेबांची बोलणीही खावी लागली. पदक ट्रंकेत, जुन्या कपड्यांखाली होतं.

गावाला हे कळल्यावर काय विचारता! सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर सत्कार ठरला. नाना नको नको म्हणत होते, पण पाहुण्यांचं मन मोडवेना. फ्लेक्सचं काम तरुण मंडळाने माझ्यावर सोपवलं. पाहुण्यांकडे नानांचा तरुणपणीचा गणवेशातला फोटो होता. त्यात हात नुसतेच लोंबकळत होते. मला ते उठावदार वाटेना. मी अतिशहाण्याने नेटवरून एक बंदूक घेतली आणि त्या हातांत झकास बसवली. सावलीसुद्धा जुळवली. मंडळाची पोरं म्हणाली, "एक नंबर, सर."

सत्काराच्या सकाळी नाना धुतलेल्या कपड्यांत आले, फ्लेक्स पाहिला आणि फाटकाशीच थांबले. रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, मी ती तितं ठिवून आलो व्हतो. तुमी पुन्हा हातात दिली."

लोकांना आवडतं, नुसतं चित्र आहे, असं मी काहीतरी बरळलो.

"शाळंची पोरं बघत्यात. त्यास्नी वाटंल, मानसं मारली म्हनून सत्कार चाललाय. मी कुनाला मारलं न्हाई, सायेब. जल्मात एवढंच कमावलंय."

आणि ते घराकडे वळले. माझी मलाच लाज वाटली. मांडववाल्याची शिडी ओढली, कटर घेतला आणि सगळ्या गावादेखत ती बंदूक कापून काढली. नानांच्या पोटाला हातभर भोक पडलं, त्यातून मागची शाळा दिसायला लागली. सरपंच हताश होऊन बघत राहिले. नाना मात्र परत आले, त्या भोकाखाली बसले, आणि भाषण म्हणून इतकंच बोलले, "पाच आपलं व्हतं. सहावाबी मानूसच व्हता. दंडवत प्रणाम."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. तोच फोटो घेतला, आणि हात होते तसेच, मोकळे ठेवले. तेराव्यानंतर काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, उंदराचा पिंजरा माझ्या हातात दिला. तुम्हीच सांभाळा म्हणाल्या. आता सकाळी रस्ता मी ओलांडतो. ऑफिसची बस चुकते कधीकधी. तोच उंदीर परत येतो, याबद्दल मला अजूनही शंका नाही. पण तो गवतात दिसेनासा होईपर्यंत मी उभा राहतो.