शिकवणाऱ्याला पास नाही

संगमनेरच्या मोटार स्टँडवर आई म्हणाली, "मामा शिकवील तसं शीक. उलट बोलू नगंस." वडील आले नाहीत. लढाईमुळे सूत मिळेनासे झाले होते. बंद मागापाशी ते बसून राहिले.

मुंबईच्या गिरणीत माणसे निवडण्याचे काम जॉबरचे. त्याने माझा हात पाहिला नाही, विणकाम विचारले नाही. "कोणाचा?" एवढेच विचारले. तिथेच माग चालवणारे मामा म्हणाले, "माझा भाचा." निवड झाली.

शिकाऊ माणसाला पगार नव्हता. मी मामांच्या मागे उभा राहून शिकलो. पहिल्या अमावस्येला मी खोलीवरच थांबलो. आमच्याकडे त्या दिवशी कोणी मागाला हात लावत नसे. मामा दारातून ओरडले, "गिरणीला अमावस्या नसती, जावईबापू! उठताय का पालखी धाडू?"

वर्षभराने माझा हात बसला. त्याच सुमारास मामांची नजर अधू झाली. कापडात चुका राहू लागल्या. जॉबर मामांना म्हणाला, "शंकर, उद्यापासून तुझे माग भाच्याकडे. जागा घरातच राहिली. तक्रार कसली?"

मी नकार दिला. तो म्हणाला, "मग दोघेही जा. दरवाजाबाहेर माणसे उभी आहेत."

मामांना तीन मुली होत्या. तरी ते एवढेच म्हणाले, "तक्रार न्हाई. पन त्याची किनार अजून कच्ची हाय. महिनाभर मला मागं हुभं ऱ्हाऊ द्या. फुकट."

जॉबर म्हणाला, "दरवाजातून आत यायला शिकणाऱ्याला पास मिळतो. शिकवणाऱ्याला नाही."

मामा गावी परतले. त्यांचे माग मी घेतले. माझ्या पगारातून त्यांच्या घरी पैसे जात राहिले. मामींनी ते घेतले. माझ्याशी बोलणे मात्र सोडले.

घरी वडिलांनी मला विणकाम शिकवले, तेव्हा आमच्या दोघांसाठी माग होते. गिरणीत एकाने शिकणे म्हणजे दुसऱ्याने उठणे होते.

पुढे माझे केस पिकू लागले. नवा जॉबर म्हणाला, "आता तुमच्या गावचा एखादा पोरगा आणा." मी खोटेच सांगितले, "गावात कोणी उरले नाही."

संगमनेरात मला आजही स्वार्थी म्हणतात: स्वतः गिरणीत लागला, दुसऱ्या कोणाला लावले नाही. मी खुलासा करत नाही. एखादा पोरगा नेला असता, तर मामांसारखा मी उठलो असतो आणि त्याच्या-माझ्या घरांतले बोलणे तुटले असते. ज्या गावचा एकही मुलगा मी त्या दरवाजाशी नेऊन उभा केला नाही, त्या गावाला मी अजून घर म्हणू शकतो.