व्याह्यांची नमुना-वही

नाक देवाने सगळ्यांनाच दिलं, पण त्याचा पुरेपूर वापर करणारा माणूस आख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी लालबर्र्याहून आली, तेव्हा बाकीच्यांनी मुलगी पाहिली, घर पाहिलं. ह्यांनी चहाचा कप नाकाशी धरला, डोळे मिटले आणि दूध किरनापुरकडचं आहे का, असं विचारलं. होतं. आमचा दूधवाला तिकडचाच. हे ऐकून माझी बायको आत दाराआड गारच पडली, कारण पोह्यांच्या फोडणीत तिची मोहरी करपली होती आणि तिने त्यावर मूठभर कोथिंबीर टाकून वेळ मारून नेली होती. पोहे समोर आले. व्याह्यांनी बशी उचलली, क्षणभर थांबले, आणि माझ्याकडे पाहून इतकं गोड हसले की मला कळलं, ह्या माणसाला झाकलेलं ओळखता येतं आणि ते झाकलेलं ठेवताही येतं. त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले. माझ्या लेखी लग्न तिथेच ठरलं.

हे नाक त्यांनी फुकट कमावलेलं नव्हतं. लालबर्र्याच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी उभा जन्म परखी चालवली. परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर धान बाहेर काढायची लोखंडी नळी. ते धान ह्यांच्या तळहातावर पडायचं, हे हुंगायचे, आणि किती ओल आहे, कुठे साठवलं होतं, सुवासिक चिन्नोरमध्ये दुसरा तांदूळ मिसळला आहे का, ते सांगून मोकळे व्हायचे. पोतं कोणाचं आहे हे त्यांना कधी सांगायचं नाही, असा त्यांनीच मिलमध्ये नियम करून घेतला होता. एकदा म्हणे त्यांनी एक गाडीच्या गाडी परत पाठवली, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं की ते धान त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं होतं. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. "पण धान ओलंच होतं," एवढंच ते अजूनही सांगतात. नाक शाबूत राहावं म्हणून नोकरीच्या काळात त्यांनी तंबाखू नाही, विडी नाही, दारू तर नाहीच नाही, असा कडक संसार केला. घरात उदबत्तीसुद्धा फक्त मिलला सुट्टी असेल त्या दिवशी लागायची. बाकीचे दिवस देवांनी नुसत्या फुलांवर भागवलं.

मग ते निवृत्त झाले, आणि निरोप समारंभात मालकाच्या मुलाने शालीबरोबर एक परदेशी व्हिस्कीची बाटली दिली. शाल त्यांनी त्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकली. बाटलीचं बूच मात्र घरी येऊन उघडलं, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी नुसते हुंगत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन. आवाज असा, की मला वाटलं मुलीने काही गोड बातमी दिली. म्हणाले, "इवाईबुवा, हे पाणी नोय, हे तं पुरं गोदाम हाये." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. साठी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रेला लागतात, आमचे इवाई व्हिस्कीला लागले. पिण्याचं प्रमाण मात्र इतकं थोडं की त्यांना दारुडा म्हणणाऱ्याला दारुड्यांनीच मारलं असतं. दोन बोटं ओतायची, अर्धा तास हुंगायची आणि शेवटी जिभेला लावायची. एक बाटली त्यांना चार महिने पुरायची.

अशा रीतीने आमचा रविवार सुरू झाला. व्याही दुपारच्या बसने लालबर्र्याहून बालाघाटला यायचे आणि दिवेलागणीच्या बसने परत जायचे. बैठक माझ्या मागच्या अंगणात, जांभळाच्या झाडाखाली. बैठकीला आम्ही चौघे: व्याही, मी, शेजारचे निवृत्त गुरुजी, आणि एक निवृत्त पटवारी, ज्यांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या पण स्वतःचा पेग कधी मोजला नाही. सुरुवात ठरलेली असायची. ह्या हप्त्यात कोणी काय घेतलं ते प्रत्येकाने सांगायचं. गुरुजी सात वर्षं एकच उत्तर देत आले की नेहमीचीच. पटवारी दर रविवारी भाच्याकडे काहीतरी विलायती प्यायल्याचं सांगायचे. कोणती, असं विचारलं की म्हणायचे, "नाम में क्या रक्खा है, बढिया थी." व्याह्यांना ह्या उत्तरांचा फार राग यायचा. नाव त्यांनाही नकोच होतं, पण वास कोणता होता हे सांगता येऊ नये म्हणजे काय? मिलचाच नियम त्यांनी अंगणात आणला. ज्याची पाळी असेल त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, म्हणजे लेबल पाहून कोणी भुलायला नको. बूच व्याही उघडणार, पहिली दोन बोटं त्यांच्या पेल्यात, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत बाकीच्यांनी आपल्या पेल्याला हात लावायचा नाही.

आणि सांगणं काय असायचं! मिलची एक कोरी नमुना-वही त्यांनी निवृत्त होताना मागून आणली होती. तिच्यात रकाने छापलेलेच होते: नमुना, ओल, वास, शेरा. त्यात ते व्हिस्की लिहायचे. एकीच्या पुढे लिहिलं होतं, "वास: हट्ट्याच्या बावलीची खालची पायरी, जिथं ऊन पोहोचत नाही." बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर; हट्टा गावची आमच्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. धुराचा वास असलेल्या एका महागड्या बाटलीपुढे, "वास: होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख, त्यावर दवाखान्यातली पट्टी. शेरा: घेऊ नये." पटवाऱ्यांच्या भाच्याकडून खरोखरच एकदा आलेल्या बाटलीपुढे, "वास: सागवानी पेटीत ठेवलेला गूळ, वरून मोहाची सुकी फुलं. शेरा: मिलात घेण्याजोगी." हे वाचून दाखवताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. आम्ही पेल्यात नाक घालायचो, आम्हाला दारूचा वास यायचा, आणि आम्ही माना डोलवायचो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांना ताप आला, सर्दी झाली, पंधरा दिवस अंथरुणात गेले. बरे होऊन आले ते नेहमीसारखेच. पेला नाकाशी, डोळे मिटलेले, वही मांडीवर. मला मात्र काहीतरी खटकायला लागलं. हट्ट्याची बावली लागोपाठ तीन रविवार आली. सागवानी पेटीतला गूळ तर वेगवेगळ्या चार बाटल्यांतून निघाला. एकदा गुरुजींच्या घरून भजी आली, ती चांगलीच करपलेली होती, ती ह्यांनी कौतुक करत खाल्ली. मी मनाशी म्हटलं, वय झालं, माणूस सौम्य होतो. खरं सांगायचं तर मला खोलात जायचं नव्हतं.

मग माझ्या पाळीचा तो रविवार आला. आमच्या घरी व्हिस्कीची रिकामी बाटली टाकत नाहीत. काच जाड, बूच घट्ट, त्यामुळे बायका त्यात काय वाट्टेल ते भरून ठेवतात. व्याह्यांनीच आपली पहिली परदेशी बाटली रिकामी झाल्यावर माझ्या बायकोला मोठ्या मानाने भेट दिली होती. रविवारच्या शेंगदाण्यांनी माझं पोट बिघडतं म्हणून तिने त्यात ओवा आणि गूळ उकळून केलेला काढा भरला होता, आणि ती बाटली ठेवली होती पिठाच्या डब्यामागे. माझी व्हिस्कीही पिठाच्या डब्यामागेच. मी हात घातला, हाताला लागली ती बाटली घेतली आणि नियमाप्रमाणे लेबल न पाहता कागदात गुंडाळली. पाहिलं असतं, तर लेबल तिने धुऊन काढलेलं आहे एवढं तरी कळलं असतं.

व्याह्यांनी बूच उघडलं. ओव्याचा असा भपकारा सुटला की जांभळाखाली बाळंतिणीची खोली झाली. गुरुजींना शिंक आली. पटवारी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहायला लागले. व्याह्यांनी शांतपणे दोन बोटं ओतली, उन्हात रंग पाहिला, पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "सागवान हाये. जुनं. खाली जरासा मोहा."

तोंड मी तसंच मिटलं. ते पाच मिनिटं बोलत होते, बावलीच्या पायरीपर्यंत गेले, आणि ओवा अंगणभर दरवळत होता. पटवाऱ्यांसारखा माणूस, ज्याने जन्मात कोणाची भीड ठेवली नाही, त्याने आधी पेला उचलला, एक मोठा घोट घेतला आणि "क्या बात है" म्हणून दाद दिली. मग गुरुजी प्यायले. मग मी. तिघंही ओव्याचा काढा अगदी गंभीर चेहऱ्याने पीत बसलो. शेवटी व्याह्यांनी पेला ओठाला लावला. काढा घशात जळजळत नाही, गुळाने गोड लागतो आणि ओव्याने जीभ चुरचुरते. ते थांबले. पुन्हा एक घोट घेतला. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पेला हळूच खाली ठेवला.

"जरा हलकी हाये," ते म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं, वही पिशवीत टाकली आणि त्या दिवशी लवकरची बस पकडली.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. पहिल्यांदा कंबर दुखत होती, दुसऱ्यांदा पाहुणे होते, तिसऱ्यांदा फोन मुलीने उचलला. चौथ्या रविवारी मीच लालबर्र्याची बस धरली. व्याही ओसरीवर बसले होते. आत माझी मुलगी चिन्नोरचा भात लावत होती आणि मला सुद्धा, ज्याला गुलाब आणि घासलेट डोळे मिटून सांगता येत नाही, तो वास फाटकापाशीच आला. पूर्वी हे ओसरीवरून आत ओरडायचे की पोरी, एक उकळी राहिली आहे, आच कमी कर. आज ते स्वयंपाकघराच्या दाराकडे नुसते बघत होते. मला पाहून त्यांनी आधी विचारलं, "भात झाला का हो? मले सांगा."

मी झाला म्हणालो. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "त्या तापापासून मले कशाचाच वास येऊन नाही राह्यला. मिलात असतो तं त्याच दिवशी परखी खाली ठेवून घरी आलो असतो. तुमच्या अंगणात मात्र तीन महिने खोटं बोललो."

मी विचारलं, सांगितलं काहून नाही?

"तुमी लोकं मले नाकासाठीच बोलावता न. नाक गेल्यावर मी तिथं येऊन काय करू?"

ह्यावर काहीतरी मोठं, समजुतीचं बोलावं असं मला वाटत होतं. पण तोंडातून निघालं ते सात वर्षं लपवून ठेवलेलं. "इवाईबुवा, मले तं व्हिस्की आवडतच नाही. एक घोट कधी मजेनं गेला नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मंग काहून पेता?"

"तुमी येता म्हणून."

त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही. मुलगी ताटं घेऊन बाहेर आली, तर दोन म्हातारे व्याही रडताहेत असं पाहून घाबरून परत आत गेली. मग त्यांनी नाक पुसलं, पिशवीतून वही काढली आणि त्या रविवारचं पान मला दाखवलं. नमुन्याच्या रकान्यात माझं नाव होतं. ओल, वास हे रकाने कोरे. शेऱ्यापुढे लिहिलं होतं, "पोटासाठी चांगली."

आता ते पुन्हा येतात. फक्त काम पालटलं आहे. हुंगायचं आम्ही आणि लिहायचं त्यांनी. पहिल्या दिवशी पटवाऱ्यांनी पेल्यात नाक खुपसून दारूसारखा वास येतो आहे असं जाहीर केलं, तेव्हा व्याही इतके संतापले की बस चुकता चुकता राहिली. गुरुजींना खडू सोडून दुसरा वास सुचत नाही. मला मात्र आता थोडं थोडं यायला लागलं आहे. ते खोदून खोदून विचारतात, कोणत्या लाकडाचा, ओल्या की सुक्या, सकाळचा की दुपारचा, आणि विचारता विचारता मला तो वास खरोखरच सापडतो. गेल्या रविवारी मी डोळे मिटून म्हणालो, नवीन गोणपाट आहे, आणि खूप खाली, झाकण अर्धवट उघडलेल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजणारा चिन्नोर. त्यांनी काही विचारलं नाही. वहीत लिहून घेतलं. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी वाकून शेरा वाचला, "इवाई तयार होऊन राह्यले."

अजूनही बूच उघडलं की आधी पेला त्यांच्याच हातात देतो. ते तो नाकाशी नेतात, डोळे मिटतात, आणि आम्ही तिघंही बोलायचं थांबतो. थोड्या वेळाने ते डोळे उघडतात, पेला माझ्याकडे सरकवतात आणि वही मांडीवर घेऊन म्हणतात, "हौ, सांगा."